भिंतीपलीकडची दाद

आमच्या वेळी मुलगी बघायला येणाऱ्या मंडळींना पोहे, चहा आणि गाणं असं तिन्ही लागायचं, आणि तिन्ही लवकर उरकायची घाई असायची. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी शाळेत असल्यापासून बाईंकडे गाणं शिकत होते, आणि माझ्या लग्नाच्या माहितीत 'स्वयंपाक, शिवणकाम, गायन' अशा क्रमानं ते शेवटी लिहिलेलं होतं. एका स्थळाच्या मामांनी मी आलाप घेत असताना पंखा वाढवायला सांगितला. दुसऱ्या एका आईनं अंतऱ्याच्या आधीच 'छान हो, पुरे' म्हणून मला थांबवलं आणि वडिलांना फ्लॅट किती खोल्यांचा आहे ते विचारलं. मी आत जाऊन बशा विसळल्या.

मग हे स्थळ आलं. मुलगा इंजिनियर, मस्कतला नोकरी, सोबत त्याचे आईवडील आणि एक आत्या. मी यमनमधली छोटी बंदिश घेतली. वडील पेटीवर होते. एक तान घेऊन मी मुखड्यावर आले, समेवर पडले, आणि नेमक्या त्याच क्षणी समोरून मुलाचा आवाज आला, 'वा!'

ना आधी, ना नंतर. बरोबर समेवर. गाणं न शिकलेल्याला हे कसं सांगायचं? सम म्हणजे तालाच्या फेरीची पहिली मात्रा. गाणारा कुठे कुठे फिरून येतो आणि तिथे पाऊल टेकवतो. ऐकणारा खरोखर सोबत चालत असेल तर त्याचंही पाऊल तिथेच पडतं. ते 'वा' ऐकून माझ्या अंगावर काटा आला. पुढचं मी कोणासाठी गायले ते घरातल्या कोणाला कळलं नाही. पत्रिका, उंची, पगार हे बघायला घरचे होते. मी त्या 'वा'शी लग्न केलं.

नवऱ्याला मी तोंडावर 'अहो' म्हणते, लिहिताना मात्र 'तो' लिहिणार आहे. निदान कागदावर तरी.

मस्कतमध्ये रुवीच्या फ्लॅटमध्ये आमचा संसार सुरू झाला. पहिल्याच आठवड्यात मी इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि तबल्याचं यंत्र बॅगेतून बाहेर काढलं, आणि नवरा म्हणाला, "दुपारी कर ना रियाज. संध्याकाळी मी थकून येतो, शिवाय खालचे लोक बोलतात." मी दुपारी करू लागले. तो थकतो हे खरंच होतं. उन्हाळ्यात साइटवरून येणाऱ्या माणसाकडून कसली दाद मागायची? मी त्याच्या वतीनं स्वतःलाच कारणं देत होते, आणि मला ती पटतही होती. साहेबांकडे पार्टी असली की तो अभिमानानं म्हणायचा, "हिचा आवाज फार छान आहे, एक गाणं होऊन जाऊ दे." मग मी सिनेमातलं एखादं गायची. टाळ्या व्हायच्या. शेवटी टाळ्या सगळेच वाजवतात. ते 'वा' मात्र मला पुन्हा ऐकू आलं नाही. तो जपून वापरत असेल असं मी धरून चालले होते.

नव्वदीच्या उत्तरार्धात त्याची बदली सूरला झाली. गावाचं नाव सूर आणि बायको गाणारी, यावर आमच्या ओळखीच्या प्रत्येकानं एकदा तरी विनोद केला आहे, त्यामुळे मी करत नाही. मस्कतहून डोंगरातला रस्ता धरून अख्खी सकाळ जायची तिथे पोहोचायला. समुद्र, लाकडी जहाजं बांधणाऱ्यांची शेडं, मासळी, बकऱ्या, आणि गावाबाहेर गॅसचा मोठा प्रकल्प. तिथला गॅस कोरियाला जाणार होता, म्हणून त्यांचे काही इंजिनियर कुटुंबासह येऊन राहिले होते. आमच्या घराची आणि एका कोरियन घराची कंपाउंडची भिंत एकच होती.

साइटची गाडी नवऱ्याला पहाटेच घेऊन जायची. खाली बोलणारं कोणी नव्हतं, वर राहणारं कोणी नव्हतं. मी मागच्या अंगणात चटई टाकून मोकळ्या गळ्यानं गायला लागले. लग्नानंतर प्रथमच. दहाबारा दिवस झाले असतील. राग जौनपुरी चालला होता. मी मुखडा घेऊन समेवर आले आणि भिंतीपलीकडून आवाज आला, "ऑल्सू!"

मला वाटलं कोणी बकरी हाकलतंय. मी पुढे गेले. दोन फेऱ्यांनी पुन्हा सम आली आणि पुन्हा, "ऑल्सू!" बकरीला समेवर हाकलत नाहीत. मी बादली उलटी घातली, तिच्यावर चढले आणि पलीकडे पाहिलं. प्लास्टिकच्या खुर्चीवर एक बाई बसली होती, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, डोक्याला रुंद टोपी, हातात मिटलेला कागदी पंखा. त्या पंख्यानं ती गुडघ्यावर ताल धरत होती.

"थांबू नको ना," ती इंग्रजीत म्हणाली. "तू परत येणार होतीस."

तिचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी, दोन्ही शाळेत शिकलेलं. तेवढ्यावर आमची मैत्री झाली. कोबी आणि तिखट घेऊन ती माझ्याकडे यायची, मी थालीपीठ घेऊन तिच्याकडे जायची. ती तिच्या देशात मुलींच्या कॉलेजात जुनं साहित्य शिकवायची. नवऱ्याची इथे नेमणूक झाली आणि तिनं नोकरी सोडली. "सगळ्यांना वाटतं मी रजेवर आहे," ती म्हणाली. तिचा खास विषय होता, जुन्या कोरियन कथांमध्ये संगीत काय काम करतं. मी म्हटलं, काम कसलं करणार, नायिका गाते आणि नायक ऐकतो. ती मोठ्यानं हसली. मग पुढची दीड वर्षं ती मला ते सांगत राहिली.

तिच्या त्या कथांमध्ये दोन घरांच्या मध्ये भिंत असतेच. मोठ्या घरच्या मुलीला बाहेर पडायची मुभा नाही, तरुण मुलाला आत यायची नाही. पण आवाजाला कोण अडवणार? मुलगी आत कोमुंगो वाजवत बसलेली असते. ते सहा तारांचं लांब वाद्य असतं, रेशमाच्या तारांचं, मांडीवर आडवं घेऊन बांबूच्या काडीनं छेडायचं. बाहेरून जाणारा मुलगा थबकतो. दुसऱ्या दिवशी बासरी घेऊन येतो. ती जिथे थांबली तिथून तो उचलतो. घराणं, शिक्षण, आईबापांची संमती हे सगळं पुढच्या पानांवर. आधी त्याला तिचं वाजवणं कळलं पाहिजे. "त्या लेखकांना ठाऊक होतं," ती म्हणायची, "की भिंत असल्याशिवाय ऐकण्याची खरी परीक्षा होत नाही. चेहरा दिसला की माणूस ऐकायचा थांबतो."

मला आमच्या दिवाणखान्यातले पोहे आठवले. तिथे मध्ये भिंत असती तर बरं झालं असतं, असं मनात आलं आणि मी हसले.

दुसऱ्या कथा होत्या दरबारी कलावंतिणींच्या. त्यांचं गाणं म्हणजे हुकूम. अधिकारी आले, वाजव. पाहुणे आले, गा. त्या वाजवतात, गातात, सगळे वाहवा करतात. पण यातल्या एखादीकडे एक धून अशी असते की ती अधिकाऱ्यांसमोर कधीच वाजवत नाही. लेखक तिच्या मनाबद्दल एक वाक्य लिहीत नाही. मेजवानीच्या वेळी तिनं त्या धुनेला लागणारी तार सैल करून ठेवली, एवढंच लिहितो, आणि वाचणाऱ्याला सगळं समजतं. मी म्हटलं, साहेबांच्या पार्टीत मी सिनेमातलं गाते ते हेच असावं. ती म्हणाली, "हो, आणि तार सैल करायला तुला कोणी शिकवलंही नाही."

तिसऱ्या कथा ताटातुटीच्या. लढाई होते, राजाची मर्जी फिरते, नवराबायको दुरावतात. वर्षं जातात. चेहरे बदललेले, कपडे बदललेले, नावं लपवलेली. मग कुठल्यातरी मोठ्या घरी जेवणावळ असते, पडद्यामागे एक बाई वाजवत असते, आणि पार टोकाला बसलेला एक माणूस हातातला प्याला खाली ठेवतो. झालं. त्यानं ओळखलं. डोळे फसतात, कान फसत नाहीत, यावर त्या अख्ख्या साहित्याची इमारत उभी आहे, असं ती म्हणाली.

"आणि त्यानं नाही ओळखलं तर?" मी विचारलं.

"मग ती गोष्ट होत नाही," ती म्हणाली. "मग ते नुसतं जेवण."

यातल्या कितीतरी कथा आधी गायल्या गेल्या आणि नंतर छापल्या गेल्या. एक गाणारा, हातात पंखा, आणि शेजारी ढोलवाला. ढोलवाला नुसता ठेका देत नाही, योग्य जागी आवाज देतो. ऐकणारेही देतात. 'ऑल्सू' म्हणजे तेच, आपली दाद. लहानपणी ती वडिलांबरोबर ही गाणी ऐकायला जायची, आणि चुकीच्या जागी ओरडली की वडील तिच्याकडे नुसतं बघायचे. "गाणारा जन्मभर शिकतो," ती म्हणाली, "ऐकणाऱ्यालाही तेवढंच शिकावं लागतं. फक्त त्याला कोणी गुरू म्हणत नाही." त्यांच्याकडे एक जुना शब्द आहे, जि-उम. शब्दशः अर्थ, आवाज ओळखणारा. खऱ्या जिवलगाला तो शब्द वापरतात. फार थोड्यांच्या वाट्याला असा माणूस येतो, आणि कथांमधल्या माणसांनाही तो बहुधा एकदाच भेटतो.

मग मी तिला माझी गोष्ट सांगितली. यमन, मुखडा, सम, 'वा!'. सांगताना माझा आवाज चढला असणार, कारण तिनं माझे दोन्ही हात धरले.

"म्हणजे तुझ्या घरातच आहे," ती म्हणाली. "माझा नवरा चांगला माणूस आहे, पण गाणं सुरू झालं की त्याला झोप येते. मी त्याला माफ केलंय. तू नशीबवान आहेस."

मी नशीबवान आहे, असं मला तेव्हा मनापासून वाटलं. तिला मी सांगितलं नाही, की त्यानंतर त्या माणसानं माझी एकही बंदिश पूर्ण ऐकलेली नव्हती. सांगायची गरज वाटली नाही. ज्यानं एकदा ओळखलं त्याला रोज सिद्ध करायला लावायचं का? कथांमध्येही तो प्याला एकदाच खाली ठेवतो. एवढा आधार मला परदेशात, त्या उन्हात, पुरत होता. त्यावरच तर मी रोज सकाळी चटई टाकत होते.

तिला त्याला भेटायचंच होतं. एका शुक्रवारी आम्ही त्या दोघांना जेवायला बोलावलं. मी कोळंबीचं कालवण केलं, मसालेभात केला, वरून खोबरं-कोथिंबीर. माणसं चारच. तिचा नवरा गोरटेला, गमत्या, माझ्या नवऱ्याचं आणि त्याचं साइटवर चांगलं जमायचं. जेवण झालं, ती सोबत आणलेला चहा सगळ्यांना ओतू लागली. माझ्या नवऱ्याच्या कपात ओतताना तिनं किटली दोन्ही हातांनी धरली. त्यांच्यात मान द्यायचा असला की असं करतात.

"मला तुम्हाला भेटायचं होतं," ती त्याला म्हणाली. "जो आवाज ओळखतो त्याला. हिनं मला सांगितलं, पहिल्या दिवशी तुम्ही अगदी बरोबर जागी दाद दिली."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला आधी आठवेना. मग आठवलं, आणि तो खूश होऊन हसायलाच लागला. "ओहो, ते होय!" तो तिच्या नवऱ्याच्या पाठीवर थाप मारून सांगू लागला. "आता खरं काय ते सांगतोच. आमच्यात लग्नाआधी मुलगी बघायला जातात. त्या दिवशी सकाळपासून ही तिसरी. प्रत्येकीकडे खायचं, प्रत्येकीकडे गाणं. हिचं गाणं सुरू झालं आणि मला डुलकीच लागली. शेजारी माझी आत्या बसली होती. तिनं मांडीला असा सणसणीत चिमटा काढला, की मी दचकून जागा झालो. मला वाटलं संपलं गाणं! म्हणून म्हटलं, वा! आणि बघतो तर काय, ही आपली परत गायला लागलेली!"

तिच्या नवऱ्यानं टेबलावर हात आपटला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं हसून हसून. माझा नवरा पुन्हा एकदा चिमटा काढून दाखवू लागला, स्वतःच्याच मांडीला. मीही हसले. पाहुण्यांसमोर आणि काय करते? घरात चार माणसं होती आणि त्यातलं एकच हसत नव्हतं. तिनं हातातला कप खाली ठेवला होता.

ते गेल्यावर मी भांडी आवरत होते. नवरा टीव्हीचा रिमोट शोधत होता.

"मस्त झाला कार्यक्रम," तो म्हणाला. "ती बाई जरा सीरियस आहे, नाही?"

"आत्यांनी चिमटा काढला नसता तर?" मी विचारलं.

"तर काय?"

"तर तुम्ही मला होकार दिला असता?"

"म्हणजे काय, दिलाच असता," तो म्हणाला. त्याच्या आवाजात जराही खोट नव्हती. "अगं, पोहे काय सुंदर झाले होते तुझ्याकडचे!"

पोहे आईनं केले होते.

मला त्याचा राग आला, आणि त्याहून मोठा राग याचा आला, की तो रागावण्यासारखं काही बोललाच नव्हता. दारू पीत नाही, हात उगारत नाही, माझ्या माहेरच्यांना मानानं वागवतो. कोणाकडे तक्रार करायची आणि काय म्हणून? नवऱ्यानं नको तिथे वा म्हटलं, असं? मैत्रिणींनी मला वेड्यात काढलं असतं. आईनं तर 'एवढंच ना' म्हणून फोन खाली ठेवला असता.

दुसऱ्या सकाळी मी चटई टाकली. तानपुरा लावला, ठेका लावला. आलाप झाला. मुखडा घेऊन समेकडे निघाले आणि समेच्या एक मात्रा आधी मी दचकले. कोणीतरी मांडीला चिमटा घेतल्यासारखी दचकले. पुन्हा घेतला मुखडा, पुन्हा तेच. इतकी वर्षं मी ज्या जागेला घर समजत होते तिथे आता ती आत्या बसलेली होती. भिंतीपलीकडे खुर्ची हलल्याचा आवाज आला, पण दाद आली नाही. द्यायला जागाच नव्हती. मी यंत्र बंद केलं.

असे बरेच दिवस गेले. एकदा तिनं सम यायच्या आधीच हळूच 'ऑल्सू' म्हणून पाहिलं, लहान मुलाला पायरी उतरताना बोट देतात तसं. तिच्यासारख्या बाईनं मुद्दाम चुकीच्या जागी आवाज दिला, माझ्यासाठी. ते ऐकून मला रडूच आलं. मी चटई गुंडाळली ती गुंडाळलीच.

"मी ऐकते आहे ना," ती भिंतीवरून म्हणाली.

"तू जाणार आहेस," मी म्हटलं.

ती गेलीच. त्यांचं सूरमधलं काम संपलं, आणि नवं शतक लागायच्या सुमारास घरासमोर सामानाची मोठी गाडी उभी राहिली. निघताना तिनं मला एक कॅसेट दिली. सुरुवातीच्या महिन्यांत तिनं भिंतीपलीकडून माझं गाणं टेप करून ठेवलं होतं, सकाळमागून सकाळ. मला न विचारता केलं म्हणून तिनं माफी मागितली. कॅसेटवर तिच्या लिपीतली दोन अक्षरं होती. तो शब्द कुठला ते तिला सांगावं लागलं नाही. पुढे दोनेक वर्षं नववर्षाची कार्डं आली, मग तीही बंद झाली.

गाणं सोडलं असं मी कोणाला जाहीर केलं नाही, आणि तू गात का नाहीस असं मला कोणी विचारलंही नाही. पार्ट्यांमध्ये तोवर कराओके आलं होतं. तानपुऱ्याचं यंत्र मी मस्कतला परत आल्यावर मराठी मंडळातल्या एका मुलीला देऊन टाकलं. नवऱ्याच्या ते वर्षभरानं लक्षात आलं. "इथे एक डबा होता ना काळा, कूं कूं वाजायचा?" असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, बिघडला होता.

आणि मग जे झालं ते ऐकून तुम्हाला वाटेल मी रचून सांगते आहे. माझा नवरा रसिक झाला. आम्ही तोवर माबेलाला राहायला गेलो होतो आणि त्याचं ऑफिस रुवीला होतं. रोजचे दोन तास गाडीत. ऑफिसातल्या कोणीतरी त्याला शास्त्रीय संगीताच्या सीडी दिल्या आणि त्याला गोडी लागली. मस्कतमध्ये बाहेरून गवई आले की तो पहिल्या रांगेत. झब्बा घालून. मान डोलवायचा, हातानं ताल द्यायचा. हळूहळू त्याला राग ओळखता येऊ लागले. घरी येऊन तो मला शिकवायचा, "अगं, हा मारवा. यात पंचम नसतो, माहितेय?" मी म्हणायची, "हो का?" त्याचा कान खरोखरच तयार झाला होता. हे मी उपहासानं म्हणत नाही. उपहास केला असता तर मला सोपं गेलं असतं.

एका शुक्रवारी आम्ही अल अमेरातला ओळखीच्यांकडे सत्यनारायणाला निघालो होतो. गाडीचा सीडी प्लेयर अडकला होता, कॅसेटची खाच मात्र चालू होती. निघताना नवऱ्यानं कपाटाच्या खालच्या खणातून जुन्या कॅसेटी मूठभर उचलून आणल्या. मी मुलीच्या ओढणीला पिन लावत होते, माझं लक्ष नव्हतं. सूरहून परत आल्यावर झालेली ही मुलगी. तिनं मला ओट्याशी गुणगुणतानासुद्धा ऐकलेलं नाही.

हायवेला लागल्यावर त्यानं सिग्नलला एक कॅसेट उचलली. "हे काय चायनीज लिहिलंय?" म्हणाला आणि खाचेत सरकवली.

आधी नुसती खरखर. मग बकरीचं ओरडणं, लांबून समुद्र. मग तानपुरा. मग माझा आवाज. तिशीतला, मोकळा, कोणाचीही भीती नसलेला. मी समोर बघत राहिले. आता गाडी थांबेल, आता तो वळून बघेल, असं प्रत्येक खांबाला वाटत होतं. माझा जीव नुसता कानात आला होता.

"Papa, please change करा ना," मागून मुलगी म्हणाली. "It's so slow. मला... बोअर होतं."

"थांब गं, ऐकू दे," नवरा म्हणाला. त्यानं आवाज वाढवला. थोडा वेळ ऐकलं. "जौनपुरी! जौनपुरी आहे ना हा?"

"हो," मी म्हटलं.

"काय गळा आहे बाईचा. शिकलेली आहे हां." त्याचं बोट स्टिअरिंगवर ठेका धरायला लागलं. गाणं पुढे सरकलं. तान आली, लांब, वळणं घेत खाली उतरली, मुखडा आला, सम आली. टेपमध्ये भिंतीपलीकडून ती ओरडली, "ऑल्सू!" आणि गाडीत, नेमका तिच्याबरोबर, एक मात्राही इकडेतिकडे न होता, तो म्हणाला, "वा!"

मी डोळे मिटले.

"लाइव्ह रेकॉर्डिंग दिसतंय, कोणीतरी मागून दाद देतंय," तो म्हणाला. "कोण गं ही? आपल्याकडे कुठून आली ही कॅसेट?"

मी त्याच्याकडे पाहिलं. चेहरा उजळला होता त्याचा. त्या घडीला त्याला कोणीही विचारलं असतं, तर या बाईसाठी तो समुद्र ओलांडून गेला असता. सांगणं माझ्या जिभेवर आलं होतं. पण सांगून ओळख पटवायची असती तर त्या कथांमध्ये वाद्यं कशाला हवी होती? नाव सांगायचं आणि मोकळं व्हायचं.

"माहीत नाही," मी म्हटलं. "असेल कोणीतरी."

"छे, मोठं काम आहे बाईचं," असं म्हणत त्यानं मागे नेण्याचं बटण दाबलं. टेप उलटी फिरली आणि थांबली. तीच तान पुन्हा खाली उतरली, तोच मुखडा, आणि त्याच समेवर तो पुन्हा म्हणाला, "वा!" या खेपेला त्याला कोणी चिमटा काढलेला नव्हता.